पाच भोकांचं झाकण

वैशाखरे
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुरेंद्र,

घरी सगळे बरे आहेत. तुझी ताई माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तीही बरीच आहे.

चिठ्ठी बघून हसशील, दाजी कुठल्या जमान्यात राहतात म्हणून. पण आमच्या पाड्यावर रेंज नाय आणि कंपनीत गेटवरच मोबाइल काढून घेतात. शिवाय सोबतचा पुठ्ठा काय फोनमधून येणार नाय. लडकूची जीप रोज मुरबाड-शहापूर करते, त्याच्या हाती देतोय.

आता कामाचं. आमच्या रबराच्या प्रेसवर जो कॉम्प्युटर आहे, तो मी कामाला लागलो त्याच्याही आधीचा. म्हातारा स्वतः ठणठणीत आहे, पण त्याचा मॉनिटर दिवाळीच्या आधी धूर काढून गेला. नारिंगी अक्षरांचा जाडा डबा होता तो. तसा आता कुठे मिळत नाय, आणि नव्या स्क्रीनला या कॉम्प्युटरचं चित्र समजत नाय. मग साहेबांनी एक कार्ड मागवलं. जुने कॉम्प्युटर, जुन्या व्हिडिओ गेमच्या मशिनी जपणारे हौशी लोक असतात ना, त्यांच्यासाठी बनवतात म्हणे. एका बाजूने जुनं चित्र घ्यायचं, दुसऱ्या बाजूने नव्या स्क्रीनला द्यायचं. लावलं आणि चाललं! मी तर टाळीच वाजवली.

पण कार्ड उघडंनागडं आहे. आमच्याकडे रबरात मिसळायची काळी पूड उडते, संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं निघतं. ती त्याच्यावर बसली की महिन्याभरात कार्ड मरणार, आणि मग साहेब प्रेस भंगारात काढणार. प्रेस गेला तर आमी आठ माणसं पण गेलो. तू त्या प्रिंटरवर नवरा-नवरीची नावं आणि गणपतीची मखरं काढत बसतोस, एकदा माणसांच्या उपयोगाची वस्तू काढ. कार्डाला बसेल असा डबा पाहिजे. पुठ्ठ्यावर कार्ड ठेवून पेन्सिल फिरवली आहे, उंची बाजूला लिहिली आहे.

तुझा दाजी,
हरेश

•

शहापूर
२७ नोव्हेंबर २०२४

ती. दाजी,
नमस्कार.

पुठ्ठा मिळाला. चहा पिता पिता माप घेतलंय हे कळलं, कोपऱ्यात कपाचा गोल उमटलाय. तो मी डब्यात घेतलेला नाही.

माणसांच्या उपयोगाचं म्हणालात ते लागलं हो मनाला. मखरांवरच माझं दुकान चालतं. पण खरं सांगू? डिप्लोमा केल्यापासून कोणी मला असं काम दिलंच नव्हतं. तीन दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

डबा सोबत आहे. हवेच्या फटी खालच्या बाजूला ठेवल्यात, पूड वरून पडते म्हणून. साधं प्लास्टिक प्रेसच्या धगीने मऊ पडलं असतं, म्हणून चिवट जातीचं घेतलंय. झाकणाला पाच भोकं आहेत, कार्डावरच्या पाच बटणांसाठी. बटणं आत खोल आहेत, तेव्हा प्रत्येक भोकात प्लास्टिकची एकेक काडी सोडलीय. वरून काडी दाबली की खाली बटण दाबलं जाईल. छपाईला सात तास लागले आणि मी सातही तास खुर्ची टाकून बघत बसलो होतो.

बसवून कळवा. ताईला म्हणावं, म्हशाच्या जत्रेला येतोय, चिडायचं राहिलेलं तेव्हा चिड.

आपला,
सुरेंद्र

•

वैशाखरे
२२ डिसेंबर २०२४

प्रिय सुरेंद्र,

डबा झक्कास, पण उलटा! डावीकडचं सगळं उजवीकडे. मी तुला शिव्या देणार होतो, मग आठवलं, मागचे सोल्डरचे टाके घासू नयेत म्हणून मीच कार्ड पुठ्ठ्यावर पालथं ठेवलं होतं आणि तुला सांगितलं नाय. तुझ्या ताईला हे सांगू नकोस, आयुष्यभर पुरवेल.

काड्याही टिकल्या नायत. आमच्या लोकांची बोटं म्हणजे बोटं नायत, पहारी आहेत. दोन काड्या पहिल्याच दिवशी मोडल्या.

वर्षअखेरच्या दुरुस्तीसाठी प्रेस दहा दिवस बंद आहे, म्हणून या वेळी कार्डच पाठवतोय. हातात घेऊन माप घे. आणि बटणं नीट समजून घे, कारण ती लागतात. लाइट जाऊन धक्क्याने परत आली की चित्र एक ओळ खाली सरकतं, आणि सगळ्यात खालची ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते. मग बटण दाबून चित्र वर घ्यायचं.

तू म्हणशील एका ओळीचं काय एवढं. तर ऐक. प्रेसमध्ये कच्चं रबर ठेवलं की वरचा तापलेला पाट खाली येऊन दाबतो. पण रबरातली हवा सोडायला तो मधेच दोन-तीनदा वीतभर उघडतो आणि लगेच परत बसतो. कुठलं उघडणं हवेचं आणि कुठलं शेवटचं, ते नुसतं बघून कळत नाय. ते खालच्या ओळीत कळतं. काम चालू असेपर्यंत तिथे उजळ पट्टी असते. पट्टी गेली की काम संपलं, मग हात घालून वॉशर काढायचे. पुढे जाळीचं दार आहे, ते उघडलं की मशीन थांबायला पाहिजे, पण वेळ जातो म्हणून साहेबांनी त्याचा स्विच कधीचा तारेने बांधून टाकलाय. तर आता सगळा भरवसा त्या पट्टीवर.

कार्ड जपून. लडकूला सांगितलंय, मांडीवर घेऊन जा.

हरेश

•

शहापूर
३१ डिसेंबर २०२४

ती. दाजी,

कार्ड आणि नवा डबा पाठवतोय. या वेळी पालथं-उताणं दहा वेळा तपासलंय.

बटणांच्या काड्या जाड करून बघितल्या, तर भोकं मोठी करावी लागली आणि तुमची पूड सरळ आत जाणार. बारीक केल्या तर मोडतात. चार झाकणं फुकट गेली. शेवटी विचार केला की मुळात बटणं लागतात कशाला? माझ्याकडे भंगारातून उचललेला एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला कार्ड जोडलं आणि वीस वेळा बंद-चालू केलं. चित्र केसभरही सरकलं नाही! तुमच्याकडे ते सरकत होतं कारण एक पिन ढिली होती. ती मी पक्की केली आहे.

म्हणून झाकणाची पाचही भोकं बंद केली आहेत. आता गुळगुळीत, एकसंध झाकण आहे, चार स्क्रूंवर बसतं. पूड जायला वाव नाही आणि पहारींना मोडायला काही नाही. मला तर हे झाकण इतकं आवडलंय की द्यावंसं वाटत नाही.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. ताईला नमस्कार.

सुरेंद्र

•

वैशाखरे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुरेंद्र,

जत्रेला येऊन गेलास आणि माझी नाइट शिफ्ट निघाली, भेट झाली नाय. तुझी ताई दोन दिवस तू जत्रेतून आणलेल्या घोंगडीचं कौतुक सांगत होती.

डबा एक नंबर. महिना झाला, आत पुडीचा कण नाय. साहेब पाहुण्यांना दाखवतात, 'आमच्या हरेशच्या मेव्हण्याने केलाय'. माझी कॉलर ताठ.

एक गोष्ट मात्र आहे. चित्र सरकतं अजून. वीस दिवसांत दोनदा सरकलं. पिनेचं नव्हतं ते, लाइटचंच आहे. तुझ्या दुकानात इन्व्हर्टर आहे, तिथे लाइट शहाण्यासारखी येते. इथे लाथ मारून दार उघडल्यासारखी येते. दोन्ही वेळा मी चार स्क्रू काढून बटण दाबलं आणि परत बंद केलं. मी असलो तर प्रश्न नाय, स्क्रू ड्रायव्हर माझ्या खिशात असतो. पण मी नसलो तर? तेव्हा भोकं परत दे रे बाबा. काड्या नकोत, नुसती भोकं दे, आमी खिळ्याने दाबू. पुडीचं मी बघतो.

घाई यासाठी की वाळूला प्रेसवर घेतलाय. वाळू म्हणजे म्हशाच्या पलीकडच्या वाडीवरचा, आपल्याकडे गवत कापायला येतो तो. दरवर्षी बायको-पोरांना घेऊन वीटभट्टीवर जायचा. या वर्षी मी साहेबांच्या पाया पडून त्याला कंत्राटात लावलं, म्हटलं पोरं एका जागी शाळेत तरी जातील. त्याला वाचता येत नाय. पण पट्टी बघायला वाचावं कशाला लागतं? मी शिकवलं, 'पट्टी आहे तोवर हात बाहेर. पट्टी गेली की हात आत.' एका दिवसात शिकला. आठ तास स्क्रीनवरून नजर हलवत नाय, जेवताना पण तिकडेच बघतो.

तर झाकण लवकर पाठव.

हरेश

•

वैशाखरे
५ मार्च २०२५

सुरेंद्र,

तुझं उत्तर आलं नाय. झाकणही आलं नाय.

काल सकाळी साडेदहाला वाळूचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. मी कंपनीच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्याच्या आधी लाइट गेली होती, पाच मिनिटांनी आली. मला वाटलं, जाऊन स्क्रीन बघून यावी. पण हातात काम होतं, म्हटलं हे संपवून जातो. मग ओरडणं ऐकू आलं. पाट उचलायला आमाला दीड मिनिट लागलं. तापलेला पाट, सुरेंद्र. मनगटापासून पुढे काय राहिलं नाय. त्याला मुरबाडहून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलंय, जीव वाचेल म्हणतात.

मी धावत गेलो तेव्हा स्क्रीनवर खालची ओळ नव्हती. चित्र सरकलेलं होतं. पाट हवेसाठी उघडला, वाळूने पट्टी बघितली, पट्टी नाय, म्हणून हात घातला. मी शिकवलं तसंच केलं त्याने. 'पट्टी गेली की हात आत.' चित्रच सरकलं तर काय करायचं, ते मी त्याला शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, 'तपासणीचे अधिकारी शुक्रवारी येणार. बटणं झाकणारं हे झाकण कोणी केलं? तुझ्या मेव्हण्याने. आणलं कोणी? तू. जाळीचं दार आमी आज नीट करतोय, झाकणाचं तू बघ.' म्हणजे हेच झाकण त्यांना सापडलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुझ्यावर पोलीस येतील.

भोकांचं झाकण उद्याच्या उद्या कर. लडकू दुपारी दुकानावर थांबेल. बंद झाकण त्याच्या हाती पाठवलंय, ते वितळवून टाक. फोनवर यातलं काय बोलू नकोस. ही चिठ्ठी वाचून जाळ.

हरेश

•

शहापूर
६ मार्च २०२५

दाजी,

झाकण सोबत आहे. भोकं पाच. नवं दिसू नये म्हणून घासून, कोळशाची पूड चोळून दिलंय. स्क्रूंच्या खाचाही जुन्या दिसतील अशा केल्यात.

फेब्रुवारीची चिठ्ठी मिळाली होती. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू.

वाळूचं कळवा.

सुरेंद्र

•

वैशाखरे
६ एप्रिल २०२५

चि. सुरेंद्र यास ताईचा आशीर्वाद.

मुरबाडला जाऊन चार वेळा फोन केला, तू उचलत नायस, म्हणून मी पण चिठ्ठीच लिहिते. तुझ्या दाजींना सध्या काय विचारायची सोय नाय. जेवण ताटात तसंच, आणि कामावरून आले की पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतात. पोरीने अभ्यासाचं विचारलं तर तिच्या अंगावर ओरडले, मग तेच रडले.

मी काल वाळूच्या घरी जाऊन आले. बाळीने सगळं सांगितलं. बाळी म्हणजे त्याची बायको रे, आपल्याकडे करवंदं घेऊन येते ती. तो अधिकारी आला तेव्हा वाळू दवाखान्यातच होता. पंधरा दिवसांनी अधिकारी परत आला, तेव्हा त्याला कंपनीत बोलावलं, हाताला एवढं मोठं बांधलेलं. त्याने अधिकाऱ्याला सांगितलं, 'पट्टी नव्हती, साहेब.' दुसरं काय बोललाच नाय, तेवढंच. मग सगळ्यांच्या समोर मशीन चालवून दाखवली. पट्टी होती. बंद केली, परत चालू केली, पट्टी होतीच. मॅनेजर म्हणाला, 'समजा चित्र सरकलंच असतं, तर ही बटणांची भोकं आहेत, कोणीही दाबलं असतं.' जाळीचं दार पण उघडून दाखवलं, मशीन थांबली. अधिकाऱ्याने लिहिलं की कामगाराचं लक्ष नव्हतं आणि त्याचं म्हणणं खरं दिसत नाय. दाजी तिथेच उभे होते म्हणे, खाली मान घालून.

आता वाडीवर पण बोलतात की प्याला असेल. वाळू! ज्याने कधी ताडीला हात लावला नाय.

सुरेंद्र, मी तिथे बसले होते तेव्हा तो काय करत होता सांगू? बाळीला अंगणाच्या त्या टोकाला उभी केली आणि म्हणाला, 'बोटं दाखव गो.' तिने तीन दाखवली. तो म्हणाला तीन. मग दोन, मग पाच. सगळी बरोबर सांगितली. बाळी म्हणाली, रोज करतो. मुरबाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पण जाऊन आला, ते म्हणाले डोळे चांगले आहेत. तेव्हापासून जास्तच झालंय. मला म्हणाला, 'काजलवयनी, डोळे चांगले हाईत तर मग पट्टी मला का नाय दिसली? सगळ्यांना दिसते.' आता बाळी एकटी भट्टीवर जायचं म्हणतेय. एका हाताच्या माणसाला कोणी नेत नाय.

आता एक विचारते, खरं सांग. वाळूचा हात गेला त्या आठवड्यात लडकू तुझ्याकडून खोकं घेऊन आला. यांनी ते माझ्या हातातून ओढून शर्टाच्या आत घातलं. त्यात काय होतं?

तुझी,
काजलताई

•

शहापूर
११ एप्रिल २०२५

ती. दाजी,

ताईची चिठ्ठी आली. ती काय लिहिते ते तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सोबत ठेवली आहे. आधी ती वाचा.

बंद झाकण मी वितळवलेलं नाही. चालू हीटरवर धरलं होतं, हात मागे आला. गेला महिनाभर ते टेबलावर आहे. तुम्हाला सांगितलं होतं ना, इतकं आवडलंय की द्यावंसं वाटत नाही? आता गिऱ्हाईक आलं की मी त्यावर फडकं टाकतो.

तुमच्या चिठ्ठ्याही मी जाळलेल्या नाहीत. फेब्रुवारीची पुन्हा पुन्हा वाचतो. 'मी नसलो तर?' असं तुम्ही स्पष्ट विचारलं होतंत. भोकं पाडायला मला फार तर अर्धा दिवस लागला असता. त्या दिवसांत मी एका रिसेप्शनसाठी दोनशे नावांच्या चकत्या छापत होतो. पण दाजी, लग्नसराई हे अर्धंच खरं आहे. मला राग आला होता. इतकं सुंदर झाकण केलं आणि तुम्ही म्हणता खिळ्याने दाबू. म्हणून मी मुद्दाम थांबलो. वाळूचा हात माझ्या मिजाशीपायी गेला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय.

आणि हाताचं झालं ते झालं. त्यानंतर आपण दोघांनी जे केलं, ते जास्त वाईट आहे. तो खरं बोलला आणि आपण झाकण बदलून त्याला खोटा पाडला.

मी कल्याणला त्या अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाणार आहे. दोन्ही डिझाइनच्या फायलींवर तारखा आहेत, बंद झाकण आहे. पण नुसत्या झाकणावर ते म्हणतील, घरी बसून केलं असेल. कंपनीत तेच लावलेलं होतं, हे तुमच्या चिठ्ठ्यांशिवाय कोणी मानणार नाही. पाच मार्चची चिठ्ठी दाखवावी लागेल. तिच्यात तुमचं नाव आहे, सही आहे, साहेबांचं बोलणं आहे. ती दाखवली की तुमची नोकरी राहणार नाही. कदाचित आणखीही काही होईल, तुम्हाला आणि मला.

तुमच्या माघारी जाणार नाही. एकवीस तारखेच्या सोमवारपर्यंत वाट बघतो. त्या दिवशी मात्र जाईन. ताईच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या. तुम्हाला जमलं नाही तर मी येऊन देईन.

सुरेंद्र

•

वैशाखरे
रविवार, २० एप्रिल २०२५

सुरेंद्र,

तुझी चिठ्ठी वाचली त्या दिवशी मी तुला आईवरून शिव्या घातल्या. मोठ्याने, पडवीत उभा राहून. तू दुकान चालवतोस, उद्या दुसरं दुकान टाकशील. मी बावन्न वर्षांचा माणूस, मला कोण ठेवणार? जीपमध्ये बसून यावं आणि तुझ्याकडून चिठ्ठ्या हिसकावून घ्याव्यात असं दोन दिवस मनात होतं. लडकूला विचारलं पण होतं, सकाळी किती वाजता निघतोस म्हणून.

मग तुझ्या ताईची चिठ्ठी परत वाचली. बोटांचं.

तिला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, 'मला नंतर सांगितलंत तरी चाललं असतं. आधी त्याला सांगा जा.' तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाय.

काल कंपनीत जाऊन साहेबांना सांगितलं की मी सोमवारी कल्याणला जातोय आणि कशासाठी जातोय. गेटवर माझं ओळखपत्र काढून घेतलं. तिथून तसाच वाळूच्या वाडीवर गेलो. वाटेत दोनदा गाडी थांबवली.

वाळू ओट्यावर बसला होता. उठायला लागला, म्हटलं बस. बाळीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी सांगायला सुरुवात केली. झाकण, बटणं, चित्र सरकणं, तुझं न आलेलं उत्तर, लडकूच्या हातचं खोकं, सगळं. काय लपवलं नाय.

माझं संपल्यावर म्हणाला, "म्हंजे तवा पट्टी नव्हतीच?"

"नव्हती."

"मी बगलं तवा नव्हती?"

"नव्हती रे वाळू."

"मंग मी नीट बगलं व्हतं."

आणि रडायला लागला. मला वाटलं होतं अंगावर येईल, शिव्या देईल. मी मार खायची तयारी करून गेलो होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता तेच बोलत होता, 'मी नीट बगलं व्हतं, मी नीट बगलं व्हतं.' मग उठला आणि हाक मारून बाळीला आतून बाहेर बोलावलं. "बाळे, आयक हरेशदादा काय सांगतो. दादा, परत सांग."

मी परत सांगितलं. बाळीने ऐकलं, खाली वाकली, आणि मी अजून न प्यालेला तांब्या उचलून आत घेऊन गेली.

मग तो शेजारच्या घरांत गेला. वाडीवरची वीस-पंचवीस माणसं जमवली. जे म्हणाले होते प्यायला असेल, त्यांना पुढे बसवलं. आणि मला म्हणाला, "आता यांना सांग." मी तिसऱ्यांदा सांगितलं, सगळ्यांच्या समोर. कोणी मला हात लावला नाय. एक म्हातारा तेवढा उठून निघून गेला.

उद्या सकाळी मी, वाळू आणि बाळी कल्याणला येतोय. तू ते बंद झाकण, दोन्ही डिझाइनच्या फायली आणि माझ्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन दहा वाजता स्टेशनच्या बाहेर थांब. ही चिठ्ठी लडकू संध्याकाळी तुला देईल, ही पण त्यांच्यातच ठेव. पुढे काय होईल ते मला माहीत नाय, आणि मला भीती वाटते हे लपवत नाय. बाळी माझ्याशी बोलत नाय, तुझ्याशीही बोलणार नाय. तिच्याकडे माफी मागायला जाऊ नकोस. मी मागितली, तर तिने मुलाला उचलून घेतलं आणि मागच्या दारी गेली.

निघताना वाळू म्हणाला, "दादा, कागदावर लिवून दे."

मी म्हटलं, उद्या ऑफिसात सगळं लिहून घेतील. तो म्हणाला, "ते त्यांचं. माझ्याकडं माझा पायजे. मी नीट बगलं व्हतं, येवढंच लिव." पोराच्या वहीचं पान फाडून मी लिहिलं, 'वाळूने नीट बघितलं होतं, पट्टी नव्हती', खाली सही केली, तारीख घातली. त्याला वाचता येत नाय, तरी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग डाव्या हाताने घडी घालायला लागला. कागद दोनदा खाली पडला. मी उचलायला वाकलो, तर म्हणाला, "राहू दे, मी घेतो."

हरेश